सहा महिन्यांच्या बोलीवर

रॅम्से मॅक्डोनल्ड हे नाव आपल्या शाळेच्या इतिहासात एकदाच येतं. १९३२, जातीय निवाडा, पुणे करार. ‘जातीय निवाडा कोणी जाहीर केला?’ हा एका मार्काचा प्रश्न. उत्तर लिहिलं की तो माणूस आपल्यापुरता संपला. फोटोतही तो पक्का साहेब दिसतो. उंची कोट, भरघोस पांढऱ्या मिशा, मान जरा ताठ. बापजाद्यांची इस्टेट, लहानपणी घोडा, मोठेपणी ऑक्सफर्ड, असं काहीतरी या फोटोमागे असेल असं कोणालाही वाटावं.

तर मंडळी, या साहेबाचा बाप स्कॉटलंडमधल्या एका शेतावर नांगर धरणारा गडी होता. आई शेतावरच काम करणारी मोलकरीण. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं, पुढेही झालं नाही. १२ ऑक्टोबर १८६६ ला लॉसीमथ नावाच्या कोळ्यांच्या गावात, आजीच्या दोन खोल्यांच्या घरात हे पोर जन्मलं. ५७ वर्षांनी, जानेवारी १९२४ मध्ये, ते ब्रिटनचं पंतप्रधान झालं.

गरिबाचा पोरगा पंतप्रधान झाला ही गोष्ट छानच आहे, पण आज मला ती सांगायची नाहीये. मला सांगायचंय ते आधीचं. ते शेत, तो गडी, ती मोलकरीण. व्हिक्टोरिया राणीचा काळ म्हटलं की आपल्याला गिरण्यांची धुराडी, आगगाड्या, लंडनचं धुकं आणि शेरलॉक होम्स आठवतो. स्कॉटलंड म्हटलं की किल्ले, घागरे घातलेले पुरुष आणि सिंगल मॉल्ट. त्या मॉल्टची बार्ली कोणीतरी पेरत होतं, कापत होतं. ती माणसं कशी जगत होती? आणि मला जास्त छळणारा प्रश्न म्हणजे, त्यांचं कुटुंब नावाची गोष्ट नेमकी कुठे होती?

आधी नकाशा. स्कॉटलंडच्या ईशान्येला समुद्राला लागून मोरे, बॅन्फ आणि अ‍ॅबरडीन या काउंट्यांचा पट्टा आहे. डोंगराळ हायलंड्स इथून जवळ असले तरी हा भाग तसा सपाट, शेतीचा. ओट्स, बार्ली, सलगम आणि मांसासाठी पाळलेली गुरं. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला इथली शेती पार बदलली. गावानं मिळून कसायच्या जुन्या पट्ट्या मोडल्या, बांधबंदिस्ती झाली, मोठमोठी शेतं झाली. जमीन जमीनदाराची, ती बहुतेक १९ वर्षांच्या करारानं कसायला घेणारा शेतकरी वेगळा, आणि प्रत्यक्ष राबणारा गडी तिसराच. जुन्या व्यवस्थेत तुकडाभर जमीन आणि एक झोपडं बाळगून असलेली माणसं या नव्या व्यवस्थेत गडी झाली.

या गड्याला तिकडे मजूर म्हणत नसत, ‘फार्म सर्व्हंट’ म्हणत. फरक महत्त्वाचा आहे. मजूर रोजावर येतो आणि संध्याकाळी आपल्या घरी जातो. फार्म सर्व्हंट ठरावीक मुदतीसाठी बांधलेला असतो आणि मालकाकडेच राहतो. आपल्याकडचा सालगडी पाडव्याला ठरतो ना, तसाच काहीसा प्रकार. फक्त तिथे लग्न न झालेल्यांसाठी मुदत सहा महिन्यांची. मे ते नोव्हेंबर आणि नोव्हेंबर ते मे. व्हिटसन आणि मार्टिनमस अशी त्या दोन सणांची नावं. लग्न झालेल्यांची बोली बहुधा वर्षाची.

आणि ही बोली व्हायची कुठे, तर बाजारात. ‘फीइंग मार्केट’ असंच नाव होतं त्याला. ‘फी’ ठरवायचा बाजार. वर्षातून दोनदा जवळच्या मोठ्या गावात, एल्गिन म्हणा, अ‍ॅबरडीन म्हणा, चौकात गडी आणि मोलकरणी येऊन उभ्या राहायच्या. शेतकरी गर्दीतून फिरायचे. अंगापिंडानं कसा आहे ते बघायचे. आधी कुठल्या शेतावर होतास, किती घोडे हाताळलेस, का सोडलंस, असे प्रश्न व्हायचे. मग आकड्यावरून घासाघीस. आकडा जमला की शेतकरी गड्याच्या हातावर एक शिलिंग ठेवायचा. या शिलिंगाला ‘आर्ल्स’ म्हणत. आपल्या भाषेत इसार. इसार घेतला की सौदा पक्का. कागद नाही, सही नाही.

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या रांगेत कोट घालून उभं राहिलेल्या कोणालाही हे वर्णन ओळखीचं वाटेल. पण तुलना इथेच थांबवावी लागते. आपल्याला ऑफर लेटर नको झालं तर आपण फार तर एक मेल टाकतो आणि एचआरचे फोन चुकवतो. तिथे इसार घेऊन गडी गेलाच नाही, किंवा मुदतीच्या मध्येच काम सोडून गेला, तर तो फौजदारी गुन्हा होता. १८२३ च्या कायद्यानुसार शेतगड्याला करार मोडला म्हणून तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकायची. मालकानं करार मोडला तर? ते दिवाणी प्रकरण. फार तर थकलेला पगार वसूल करून मिळायचा. हा भेदभाव १८६७ मध्ये थोडा सैल झाला आणि १८७५ मध्ये गेला. म्हणजे मॅक्डोनल्डचा जन्म झाला तेव्हा त्याचे आईबाप ज्या कायद्याखाली काम करत होते, त्यात नोटिस पिरियड न पाळणं म्हणजे तुरुंग.

पगार हातात यायचा तो मुदत संपल्यावर, एकरकमी. साठच्या दशकात चांगल्या नांगऱ्याला सहा महिन्यांचे दहा-बारा पौंडांच्या आसपास मिळत. बाईला त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी. मधले सहा महिने खिशात जवळजवळ काही नसायचं. पण खाणं आणि झोपायची जागा मालकाकडून.

आता दिवस कसा जायचा ते बघू. पहाटे पाचला उठून पहिलं काम घोड्यांचं. दाणा, पाणी, खरारा. मग स्वतःचं खाणं. सहाच्या सुमाराला जू. नांगराला दोन घोडे आणि त्यांच्यामागे एक माणूस. बैलजोडीसारखंच, पण घोड्यांची चाल जास्त. दिवसाला एक एकर नांगरणं हे चांगलं काम मानलं जायचं. मी जरा हिशेब करून पाहिला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. नांगराचा तास नऊ इंच रुंद धरला तर एका एकरात ५८,०८० फूट चालणं होतं. म्हणजे अकरा मैल. सतरा-अठरा किलोमीटर! तेही सपाट रस्त्यावर नाही, उकरलेल्या ओल्या ढेकळांत, लोखंडी नांगर सरळ धरून. यात शेताच्या टोकाला वळायचं अंतर धरलेलंच नाही. दुपारी मध्ये घोड्यांना विश्रांती, कारण घोडा महाग. संध्याकाळी सहाला जू उतरलं की पुन्हा घोड्यांचं खाणंपिणं, मालिश.

एवढ्या माणसांत उतरंड नसेल तर नवल. सगळ्यात वर ‘ग्रीव्ह’, म्हणजे मुकादम. मग पहिला हॉर्समन, दुसरा हॉर्समन, तिसरा. मग गुरांकडचा माणूस, मग पडेल ते काम करणारा, आणि सगळ्यात खाली तेरा-चौदा वर्षांचं पोर. सकाळी तबेल्यातून पहिली जोडी पहिल्या हॉर्समनची निघणार, तिच्यामागे दुसऱ्याची. जेवायला बसताना तोच क्रम, हात धुवायलाही तोच क्रम. हा क्रम मोडणं म्हणजे मोठा अपमान.

या हॉर्समन लोकांची एक गुप्त संघटनाही होती. तिचं नाव ‘हॉर्समन्स वर्ड’. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला रात्री डोळे बांधून खळ्याच्या कोठीत न्यायचे. सोबत पाव आणि व्हिस्की. शपथ घ्यायची, सैतानाशी हस्तांदोलन करायचं (अंधारात कोणीतरी काठीला बांधलेला बकरीचा नाहीतर वासराचा खूर पुढे करायचं), आणि मग कानात एक गुप्त शब्द सांगितला जायचा. तो शब्द कळला की म्हणे कुठलाही घोडा वश होतो, आणि मुलीसुद्धा. शब्द लिहायचा नाही, सांगायचा नाही. थोडक्यात कडक एनडीए. हसू येतं, पण यामागचा हिशेब साधा होता. घोडे हाताळायचं कौशल्य एवढंच या माणसांचं भांडवल होतं, आणि ते कोणालाही फुकट मिळू नये म्हणून केलेली ही तटबंदी.

आता खाणं. ओट्स, ओट्स आणि ओट्स. लाकडी वाडग्यात ओट्सचं पीठ घ्यायचं, मीठ टाकायचं, वरून उकळतं पाणी ओतून ढवळायचं. झाला ‘ब्रोझ’. शिजवायचीही भानगड नाही. वर दूध. सकाळी हेच, दुपारी हेच, रात्री हेच. ज्या भागात गडी स्वतःचं स्वतः करून खात, तिथे पगारात पीठाचा वाटा ठरलेला असायचा. वर्षाला साडेसहा ‘बोल’. एक बोल म्हणजे १४० पौंड, तेव्हा एकूण ९१० पौंड. दिवसाला साधारण १.१ किलो पीठ! एका माणसाला! आज आपण डाएट म्हणून चार चमचे ओट्स खातो आणि फोटो टाकतो. शिवाय रोजचं दूध. चव नसेल, पण या खाण्यावर हे लोक चांगले धडधाकट असत. बटाटे होते, सलगम होतं. मांस क्वचित.

राहायची सोय दोन प्रकारची. दक्षिणेकडे अँगस, पर्थशायर भागात ‘बॉथी’, म्हणजे शेताच्या आवारातली एक खोली. तिच्यात चार-सहा बाप्ये एकत्र राहणार आणि आपलं आपण करून खाणार. मोरे-अ‍ॅबरडीनकडे गडी तबेल्याला लागून किंवा तबेल्याच्या माळ्यावर झोपत आणि जेवायला मालकाच्या स्वयंपाकघरात जात. या झोपायच्या खोलीला ‘चॉमर’ म्हणत. प्रत्येकाची एक लाकडी पेटी, ‘किस्ट’. कपडे, वस्तरा, बायबल, असलंच तर फिडल, सगळं त्या पेटीत. बसायला स्टूलही तीच. सहा महिने संपले की पेटी गाडीवर टाकायची आणि पुढच्या शेतावर. बरेच गडी दर सहामाहीला शेत बदलायचेच. मालकाशी पटलं नाही, जेवण वाईट होतं, किंवा नुसतंच कंटाळा आला म्हणून. संप करण्यासारखी संघटना नव्हती, तेव्हा निषेधाचा एकच मार्ग हातात होता. निघून जाणं. त्यांचा स्वाभिमान त्या निघून जाण्यात होता.

आणि त्याच स्वयंपाकघरात असायची मोलकरीण. पहाटे चूल पेटवण्यापासून रात्री भांडी आवरेपर्यंत तिचा दिवस. गाईंचं दूध काढणं, लोणी घुसळणं, सगळ्यांचं खाणं, धुणं. हंगामात वर शेतातलं कामही. सलगमच्या ओळी खुरपायच्या, कापणीत पेंढ्या बांधायच्या. तीही सहा महिन्यांच्याच बोलीवर, तीही त्याच चौकात उभी राहून ठरलेली.

एल्गिनच्या पश्चिमेला अ‍ॅल्व्हज नावाचं गाव आहे. त्याच्याजवळच्या क्लेडेल शेतावर अ‍ॅन रॅम्से अशीच कामाला होती, आणि त्याच शेतावर जॉन मॅक्डोनल्ड नांगऱ्या होता. तो ब्लॅक आइलकडचा, म्हणजे खाडीपलीकडून आलेला हायलंडर.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. वरच्या सगळ्या व्यवस्थेत कुटुंब कुठे बसतं?

बसतच नाही. चॉमरमध्ये बायको आणता येत नाही. शेतावर लग्न झालेल्या गड्यासाठी घर असलं तर एखादं, आणि ते बहुधा मुकादमाला किंवा पहिल्या हॉर्समनला. नवीन घर बांधायला जमीनदार आणि शेतकरी दोघेही नाखूश. उलट जुनी झोपडी पाडून टाकण्याकडेच कल. एक तर खर्च. दुसरं म्हणजे गरिबांना मदत देण्यासाठी जो कर भरावा लागे त्याची भीती. १८४५ च्या स्कॉटिश गरीब कायद्यानुसार एखाद्या पॅरिशमध्ये सलग पाच वर्षं राहिलेल्या माणसाचा त्या पॅरिशच्या मदतीवर हक्क लागायचा. तोही म्हातारा, आजारी किंवा अपंग असला तर. धडधाकट माणसाला स्कॉटलंडमध्ये मदतीचा हक्कच नव्हता. आता विचार करा, जो दर सहा महिन्यांनी शेत बदलतो, त्याची पाच वर्षं कधी भरणार? आणि ज्याचं कुटुंबच इथे राहत नाही, त्याच्या पोराबाळांचा भार आपल्या करावर कशाला पडणार? घर न बांधणं हे दोन्ही बाजूंनी फायद्याचं.

मग लग्न झालेला गडी काय करायचा? बायकोपोरांना एखाद्या खेड्यात भाड्याच्या खोलीत ठेवायचं आणि स्वतः पाच-दहा मैलांवरच्या शेतावर चॉमरमध्ये राहायचं. पंधरवड्यातून एखाद्या शनिवारी रात्री चालत घरी, रविवारी संध्याकाळी चालत परत. वयाची तिशी येईपर्यंत बरेचजण लग्नाच्या वाटेलाच जात नसत, कारण लग्न म्हणजे गड्याची नोकरी सोडून दुसरं काहीतरी शोधणं. एखादा जमिनीचा तुकडा, गावातली मजुरी, नाहीतर शहर. ग्लासगोचे पोलीस, रेल्वेचे हमाल, कॅनडाचे शेतकरी. यात नांगर सोडून गेलेली अशी पुष्कळ माणसं सापडतील.

तारुण्य मात्र लग्नाची वाट बघत थांबत नाही. विशीतली पोरं तबेल्याच्या माळ्यावर, विशीतल्या पोरी स्वयंपाकघराच्या वरच्या खोलीत, आणि मध्ये एक अंगण.

स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सक्तीची झाली. तोपर्यंत चर्चच्या वह्यांत विखुरलेली माहिती पहिल्यांदाच एका ठिकाणी आली. आणि आकडे बघून एडिंबरातल्या सभ्य लोकांची झोप उडाली. सगळ्या देशात दर दहा जन्मांमागे जवळजवळ एक जन्म लग्नाबाहेरचा. आणि बॅन्फसारख्या ईशान्येच्या काउंटीत सहा-सात जन्मांमागे एक! गिरण्यांच्या, झोपडपट्ट्यांच्या ग्लासगोपेक्षा हे प्रमाण वर. पापाचं आगर शहर आणि निष्पाप ते खेडं, हा सगळ्यांचा आवडता समज आकड्यांनी उलटा करून ठेवला.

मग व्याख्यानं झाली, पत्रकं निघाली, समित्या बसल्या. बॉथी आणि चॉमर कसे अनीतीचे अड्डे आहेत यावर धर्मोपदेशकांनी भरपूर शाई खर्च केली. त्यातल्या काहींना खरं दुखणं कळलं होतं. अँगसमधल्या ओथलॉचे पाद्री हॅरी स्टुअर्ट हे १८५० च्या दशकात गड्यांना धड घरं द्या म्हणून ओरडत होते. पण प्रवचन फुकट असतं आणि घराला दगड लागतात.

याच्या उलटं चित्र बघायचं तर स्कॉटलंडच्या आग्नेय टोकाला, बर्विकशायर आणि लोथियनला जायला हवं. तिथे शेतकऱ्याला अख्खं कुटुंबच हवं असायचं. गड्याला, ज्याला तिकडे ‘हाइंड’ म्हणत, राहायला घर मिळायचं. पगाराचा मोठा भाग ओट्स, बार्ली, वाटाणे, बटाट्यांसाठी जमीन आणि एका गाईचा चारा अशा रूपात. पण अट अशी की गड्यानं सोबत शेतकामाला एक बाई द्यायची. ती त्याची बहीण असो, मुलगी असो, नाहीतर त्यानं आपल्या पैशानं ठेवलेली परकी पोर असो. या बाईला ‘बॉन्डेजर’ म्हणत. घरात कामाला येण्याजोग्या मुली नसल्या तर गड्याला स्वतःच्या तुटपुंज्या पगारातून दुसरीचा पगार आणि खाणं सोसावं लागे, आणि त्या एकदोन खोल्यांच्या घरात तिला जागाही द्यावी लागे. गड्यांनी या अटीविरुद्ध बरीच वर्षं तक्रार केली आणि साठच्या दशकानंतर ती मोडत गेली. तरी शेतात राबणाऱ्या बायका विसाव्या शतकापर्यंत दिसत होत्या. मे महिन्यात वर्षाची बोली संपली की अख्खी बिऱ्हाडं गाड्यांवर पलंग, घड्याळ, कोंबड्या, म्हातारी घालून एका शेतावरून दुसऱ्या शेतावर निघायची. रस्ताभर नुसत्या गाड्या.

या आग्नेय भागात लग्नाबाहेरच्या जन्मांचं प्रमाण ईशान्येपेक्षा कमी होतं. माणसं जास्त धार्मिक होती म्हणून? धर्म दोन्हीकडे तोच. फरक होता तो घराचा. अर्थात एका कारणात सगळं बसवता येत नाही. नैर्ऋत्येच्या विगटाउनशायरमध्ये वेगळी पद्धत असूनही आकडा असाच वर होता. पण ईशान्येचं बोलायचं तर मला हे स्पष्ट दिसतं की तिथे आधी कुटुंबाची जागा काढून घेतली गेली आणि मग कुटुंब नाही म्हणून त्याच माणसांना बदफैली ठरवलं गेलं.

गंमत म्हणजे खुद्द गडीमाणसं याचा तितकासा बाऊ करत नसत. चर्चच्या वडीलमंडळींपुढे उभं राहून कबुली द्यावी लागे, ती द्यायची. मग आजी बाळाला घ्यायची आणि आई पुढच्या सहामाहीला पुन्हा कामावर. त्या काळच्या जनगणनेत अशी घरं पानोपानी सापडतात, जिथे म्हातारीपुढे ‘कुटुंबप्रमुख’ लिहिलंय आणि खाली दोन-तीन नातवंडं आहेत, मधली पिढी गायब. ती मधली पिढी दहा मैलांवर कुठल्यातरी शेताच्या यादीत ‘नोकर’ म्हणून नोंदलेली असते. कुटुंब होतं, पण ते असं तुकड्यांत, वेगवेगळ्या पानांवर. आणि ते धरून ठेवायचं काम बहुतेक वेळा आज्यांनी केलं.

लॉसीमथच्या घरातही इझाबेला रॅम्से नावाची अशीच एक आजी होती. ऑक्टोबरचा जन्म, म्हणजे हिशेबानं मागची हिवाळी सहामाही. क्लेडेलमधून अ‍ॅन आईकडे आली. पुढे ती शिवणकाम करून कमवू लागली. पोराची नोंद झाली ती ‘जेम्स मॅक्डोनल्ड रॅम्से’ अशी. त्या वेळच्या कायद्यानं लग्न न झालेल्या बापाचं नाव, तो स्वतः येऊन सही करेल तरच लिहिलं जायचं. नाहीतर रकाना रिकामा. आणि मुलाच्या नावाखाली ‘अनौरस’ हा शब्द लिहायचा असा नियमच होता. स्कॉटलंडमध्ये तो १९१९ पर्यंत चालू होता. रॅम्सेच्या आधीचं ते मधलं ‘मॅक्डोनल्ड’ तेवढं बापाचं.

लॉसीमथमध्ये याचा फारसा त्रास त्याला झाला नाही. अशी पोरं वर्गात आणखीही असणार! १८७२ च्या शिक्षण कायद्यानं पाच ते तेरा वयाच्या मुलांना शाळा सक्तीची झाली, त्याच वर्षाच्या आसपास तो शाळेत गेला. शेतगड्यांच्या पोरांसाठी शाळा म्हणजे तशी अर्धवेळ गोष्ट. बटाटे काढायच्या वेळी वर्ग ओस पडत. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या सुट्टीला अजूनही बोलीभाषेत बटाट्याची सुट्टी म्हणतात ते त्यामुळेच. मॅक्डोनल्ड ड्रेनीच्या शाळेत शेवटपर्यंत टिकला. १८८१ मध्ये शाळा संपली आणि तो जवळच्या एका शेतावर कामाला लागला. म्हणजे गोष्ट आता ठरलेल्या रुळावर आलीच होती. पण त्याच वर्षाच्या शेवटी शाळेनं त्याला ‘प्युपिल टीचर’ म्हणून बोलावून घेतलं, म्हणजे शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवणारा उमेदवार. १८८५ मध्ये तो ब्रिस्टलला गेला, मग लंडन, मग मजूर पक्ष.

कागद मात्र माणसाची पाठ सोडत नाही. पहिल्या महायुद्धाला मॅक्डोनल्डनं विरोध केला. १९१५ मध्ये होरेशियो बॉटमली नावाच्या संपादकानं आपल्या ‘जॉन बुल’ या साप्ताहिकात त्याचा जन्मदाखलाच छापून टाकला. शब्द ‘अनौरस’ सकट. अख्ख्या देशानं तो वाचला. आई १९१० मध्येच गेली होती, तेवढं तरी बरं. १९१६ मध्ये लॉसीमथच्याच गोल्फ क्लबानं त्याला युद्धविरोधासाठी काढून टाकलं. लॉसीमथच्या कोळीवाड्यात ज्याचं कोणाला विशेष वाटत नव्हतं, ते लंडनच्या छापखान्यात पोचल्यावर कलंक झालं.

आणि मग १९३२. १६ ऑगस्टला याच माणसानं पंतप्रधान म्हणून जातीय निवाडा जाहीर केला. दलितांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवड्यात उपोषण सुरू केलं, २४ तारखेला बाबासाहेब आंबेडकर आणि इतरांच्या सह्यांनी पुणे करार झाला, आणि स्वतंत्र मतदारसंघांऐवजी १४८ राखीव जागा आल्या. मॅक्डोनल्डच्या जन्माचा या निर्णयाशी संबंध जोडायचा मोह होतो, पण तसं करायला काही आधार नाही. तो निवाडा साम्राज्याच्या राजकारणातून आला होता. एवढंच म्हणता येईल की जन्मावरून माणसाला कुठल्या रकान्यात टाकायचं, या भांडणाचा निवाडा करायला बसलेल्या माणसाच्या स्वतःच्या दाखल्यावर तसा एक शब्द होता.

त्याच्या मागे राहिलेल्या गड्यांचं काय झालं? १९१२ मध्ये जोसेफ डंकन यांच्या पुढाकारानं स्कॉटिश शेतगड्यांची युनियन उभी राहिली. सहामाही बोली, चौकातला बाजार, एकरकमी पगार, हे सगळं मोडून काढायचं ही त्यांची मागणी. १९३७ मध्ये शेतगड्यांच्या किमान वेतनाचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास चौकातले बाजार संपले, आणि त्यानंतर ट्रॅक्टरनं घोडे आणि घोडेवाले दोन्ही संपवले. बऱ्याच चॉमरचे आता सुट्टीत राहायला भाड्यानं देतात असे छान कॉटेज झालेत. भिंती त्याच, आत हीटर आणि वायफाय. तिथे आता कुटुंबं राहतात. आठवड्याच्या बुकिंगवर.

असो. बराच लांबला हा लेख. ज्यांच्या घरात जुनी कागदपत्रं पडून आहेत, सातबारे, शाळेचे दाखले, जन्माच्या नोंदी, त्यांनी एकदा कोणते रकाने रिकामे आहेत ते शोधून बघा. पुढच्या वीकेंडला भेटूच.